सव्वाबारा फुटांचे कासव साडेसहा फुटांवर कसे आले?

नवी मुंबई : शिवालिक टेकड्यांत सापडलेल्या एका नामशेष कासवाच्या पाठीची लांबी १८४४ साली लंडनच्या विद्वानांसमोर सव्वाबारा फूट सांगितली गेली. आज त्याच जातीचे कवच साडेसहा ते सात फुटांचे मानले जाते. मधल्या काळात त्याचे शास्त्रीय नाव अनेकदा बदलले. हाडे मात्र तीच आहेत. मग बदलले काय? जीवाश्मावरून प्राणी ओळखायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे समजून घेण्यासाठी या कासवाइतके चांगले उदाहरण भारतात दुसरे सापडणे कठीण. आणि त्याच ओळखीच्या खटपटीची एक छोटी आवृत्ती खाडीपलीकडे, वरळीच्या टेकडीवरही घडली आहे.

आज या महाकाय कासवाला ‘मेगॅलोकेलिस अ‍ॅटलस’ म्हणतात. ‘केलिस’ म्हणजे ग्रीक भाषेत कासव, ‘मेगॅलो’ म्हणजे मोठे. अ‍ॅटलस हा ग्रीक पुराणातला आकाश खांद्यावर पेलणारा दैत्य. जमिनीवर चालणाऱ्या, आजवर ज्ञात असलेल्या कासवांत हे सर्वांत मोठे. आज जिवंत असलेल्या गालापागोस आणि अल्डाब्रा बेटांवरील कासवांचे कवच साधारण सव्वा मीटरच्या आसपास असते. मेगॅलोकेलिसचे सुमारे दोन मीटर भरते, आणि जिवंतपणी त्याचे वजन एक टनाच्या घरात असावे, असा अंदाज आहे. सिडकोच्या जुन्या वसाहतींतील घरात एकेरी खाट जेवढी जागा अडवते, तेवढी लांबी एकट्या कवचाची.

कालव्याचा अभियंता आणि बागेचा डॉक्टर

ह्यू फाल्कनर १८३० साली ईस्ट इंडिया कंपनीचे सहायक शल्यचिकित्सक म्हणून भारतात आले आणि १८३२ मध्ये सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले. प्रोबी कॉटली हे कालव्यांचे अभियंते. पुढे १८५४ मध्ये सुरू झालेला गंगा कालवा ही त्यांचीच कामगिरी. सहारनपूरच्या उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी पसरलेल्या शिवालिक टेकड्यांत या दोघांनी १८३० च्या दशकात हत्ती, पाणघोडे, जिराफाचे नातलग, माकडे आणि मगरी यांचे जीवाश्म अक्षरशः गाड्या भरून गोळा केले. १८३७ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने दोघांना मिळून वोलास्टन पदक दिले. शिवालिकचे खडक समुद्रातले नव्हेत. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांनी आणलेल्या वाळू, माती आणि गोट्यांचे ते थर. त्यामुळे त्यांत जमिनीवरचे आणि नदीकाठचे प्राणी भरपूर मिळतात.

या ढिगाऱ्यात कासवाच्या कवचाचे जाड तुकडे आणि पायांची अवजड हाडे होती. अखंड कवच मात्र एकही नव्हते. फाल्कनर आणि कॉटली यांनी मग वापरली ती आजही वापरली जाणारी रीत : ओळखीच्या जिवंत प्राण्याशी तुलना. हिंदी महासागरातील बेटांवरचे मोठे कासव समोर ठेवायचे, त्याचे एखादे हाड आणि जीवाश्मातले तेच हाड यांचे प्रमाण काढायचे, आणि त्या प्रमाणात सगळे शरीर मोठे करायचे. या त्रैराशिकातून कवच सव्वाबारा फूट आणि डोक्यापासून शेपटीपर्यंतचा प्राणी सुमारे अठरा फूट निघाला. सव्वाबारा फूट म्हणजे पावणेचार मीटर. रस्त्यावर कधीकाळी जिकडेतिकडे दिसणारी मारुती ८०० या कवचापेक्षा आखूड होती.

गणित बरोबर होते, गृहीतक नव्हते. शिवालिकच्या कासवात पोटाकडच्या कवचाचा पुढचा भाग, म्हणजे मानेखाली येणारी हाडे, असामान्य जाड, पुढे आलेली आणि टोकाशी दुभंगलेली होती. बाकीच्या शरीराच्या मानाने हा अवयवच मोठा. तो इतर कासवांत जेवढा असतो तेवढाच येथेही असेल असे धरून संपूर्ण प्राणी वाढवला, तर तो अवास्तव फुगणारच. एखाद्याच्या नाकावरून त्याची उंची ठरवण्यासारखेच हे. शिवाय लांबीतील चूक वजनात कितीतरी पटींनी वाढते, कारण वजन लांबीच्या घनाशी बांधलेले असते. सव्वाबारा फुटांचे कासव साडेसहा फुटांच्या कासवापेक्षा दुप्पट नव्हे, जवळजवळ सातपट जड ठरले असते. एवढे ओझे त्या पायांना पेलवले असते का, हा प्रश्न मग उरतोच.

अर्थात फाल्कनर यांना दोष देताना त्यांच्या हाती काय होते, हेही पाहायला हवे. तुकडे होते, तुलनेला मोजकी जिवंत कासवे होती. ज्या वैशिष्ट्यामुळे त्यांचा आकार चुकला, तेच वैशिष्ट्य त्यांनी काटेकोरपणे नोंदवले आणि आज या जातीची मुख्य ओळख म्हणून तेच धरले जाते. आकार चुकला, ओळख टिकली.

रिचर्ड लायडेकर यांनी १८८५ मध्ये शिवालिक आणि नर्मदेच्या कासवांवर ‘पॅलिऑन्टॉलॉजिया इंडिका’ या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मालिकेत सविस्तर लिहिले. पण निर्णायक पुरावा आला तो १९२२ मध्ये. टायरॅनोसॉरसचा पहिला सांगाडा शोधून नावाजलेले बार्नम ब्राउन न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी भारतात आले होते. आजच्या चंदीगडजवळच्या शिवालिक थरांत त्यांना या कासवाचे बरेचसे पूर्ण कवच मिळाले. तुकडे जोडून उभे केलेले ते कासव संग्रहालयात मांडले गेले, आणि १९३१ मध्ये ब्राउन यांनी त्यावर लेख लिहिला. आता प्रमाण काढण्याची गरज उरली नव्हती. पट्टी लावून मोजता येत होते.

हाड हाती आले, पुढे काय?

मराठीत ‘कासव’ या एकाच शब्दात सगळे मावते. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारे ऑलिव्ह रिडले, तळ्यातले मऊ पाठीचे, आणि रानातले ताऱ्यांच्या नक्षीचे, ही सर्व आपल्याला कासवेच. देवळात गाभाऱ्यासमोर दगडात कोरलेले असते तेही कासवच. शास्त्राला मात्र पहिला प्रश्न पडतो तो हाच : हे पाण्यातले की जमिनीवरचे?

जमिनीवरच्या कासवाचे पाय हत्तीच्या पायांसारखे खांबी असतात, बोटांची हाडे आखूड असतात. पण जीवाश्मात पाय क्वचितच मिळतात. मिळते ते कवच, तेही फुटलेले. सुदैवाने कवच बोलके असते. बाहेरून दिसतात ते शिंगासारख्या पदार्थाचे पट्ट, आणि त्यांच्याखाली असते हाडांचे जोडकाम. पट्टांच्या कडा आणि हाडांचे सांधे सहसा एकमेकांवर येत नाहीत. पट्ट कुजून जातात, पण हाडावर त्यांच्या कडांची खाच राहते. म्हणून जीवाश्मावर रेषांची दोन जाळी दिसतात. एक नागमोडी, दातेरी, ते सांधे. दुसरे गुळगुळीत खाचांचे. ते पट्टांच्या कडांचे.

या दोन जाळ्यांचे परस्परांशी नाते पाहिले की बरेच काही कळते. जमिनीवरच्या कासवांच्या कुलात कवचाच्या कडेजवळ, बरगड्यांची हाडे आणि कडेची हाडे जेथे जुळतात, नेमक्या त्याच रेषेवर पट्टांची खाचही येते. बहुतेक पाणकासवांत ती वेगळी पडते. बरगड्यांची हाडेही जमिनीवरच्या कासवांत आलटून पालटून एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असतात, पाचरी उलटसुलट ठोकल्यासारखी. मऊ पाठीच्या कासवांत तर पट्टच नसतात, त्यामुळे खाचांचा पत्ता नाही. उलट हाडाच्या पृष्ठभागावर बारीक खळग्यांची नक्षी असते. हातावर मावेल एवढा तुकडाही कुलाचे नाव सांगून जातो तो असा.

कुलापासून जातीपर्यंतचा प्रवास मात्र अवघड. तेथे एकेका हाडाचा आकार, जाडी, कोन मोजावे लागतात, आणि ज्यांच्याशी तुलना करायची ते नमुने एकाच गावात नसतात. महाराष्ट्रात हे काम झाले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये. तेथील पुराजीवशास्त्रज्ञ डॉ. जी. एल. बादाम यांनी भारतातील प्लाइस्टोसीन काळातील, म्हणजे गेल्या सुमारे २६ लाख वर्षांतील प्राण्यांवर १९७९ मध्ये ग्रंथ लिहिला. १९८१ मध्ये त्यांनी डेक्कन कॉलेजच्या पत्रिकेत उत्तर भारतातील वरच्या शिवालिक थरांतल्या याच महाकाय कासवावर लेख प्रसिद्ध केला. त्या लेखात नाव आहे ‘कोलोसोकेलिस अ‍ॅटलस’. आजच्या नावाशी ते जुळत नाही, आणि यातूनच नावांच्या गुंत्याकडे वळावे लागते.

एक कासव, अनेक नावे

फाल्कनर आणि कॉटली यांनी १८३७ मध्ये कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात माकडांच्या जीवाश्मांविषयी लिहिताना जाता जाता या कासवाला ‘मेगॅलोकेलिस’ म्हटले. वर्णन जेमतेम. सात वर्षांनी लंडनमध्ये सविस्तर माहिती मांडताना त्यांनी स्वतःच नवे नाव वापरले : ‘कोलोसोकेलिस अ‍ॅटलस’. प्राण्यांच्या नामकरणाचा नियम सांगतो की आधी दिलेले नाव ग्राह्य; पण वर्णनाशिवाय दिलेले नाव म्हणजे कोरा धनादेश, तो वटत नाही. १८३७ चे नाव वटण्याजोगे होते की नाही, यावर विद्वानांनी दीर्घकाळ वाद घातला.

दरम्यान लायडेकर यांनी त्याला ‘टेस्टुडो’ या वंशात टाकले. (जीवशास्त्रात जवळच्या जातींच्या गटाला वंश म्हणतात.) त्या काळी टेस्टुडो ही जगभरची कासवे भरायची मोठी पिशवीच होती. १९५७ मध्ये आर्थर लव्हरिज आणि अर्नेस्ट विल्यम्स यांनी आफ्रिकी कासवांची फेरमांडणी करताना ती पिशवी रिकामी करायला घेतली आणि ‘जिओकेलोन’ या वंशाला पुन्हा उभे केले. मग शिवालिकचे कासवही काही काळ ‘जिओकेलोन अ‍ॅटलस’ झाले. तिमोर बेटावर सापडलेल्या अशाच महाकाय कासवाबद्दल डच शास्त्रज्ञ हॉयर यांनी १९७१ मध्ये लिहिले, तेही याच नावाने. आता वंशाचे नाव १८३७ चे आणि जातीचे नाव १८४४ चे, अशी सांगड सर्वत्र रूढ आहे.

हा केवळ पोथीनिष्ठ काथ्याकूट नव्हे. नाव बदलते तेव्हा नात्याविषयीचे मत बदललेले असते. टेस्टुडो म्हणणारा अभ्यासक या कासवाला भूमध्य समुद्राकाठच्या छोट्या कासवांचा भाऊबंद ठरवतो. जिओकेलोन म्हणणारा त्याला आपल्या चांदणी कासवाच्या घरात नेतो. मेगॅलोकेलिस म्हणणारा त्याला स्वतंत्र घर देतो. या वंशाचे अवशेष शिवालिकपासून म्यानमार, जावा, सुलावेसी, फ्लोरेस आणि तिमोरपर्यंत पसरलेले आहेत. बेटांवरची कासवे वेगळ्या जातींची की शिवालिकच्याच जातीची, हे ठरल्याशिवाय ती समुद्र ओलांडून कशी गेली आणि कधी संपली, या प्रश्नांना हातच घालता येत नाही. काही अभ्यासकांच्या मते आग्नेय आशियात ती संपण्यात आदिमानवाच्या शिकारीचा वाटा असावा. पळता न येणारे, टनभर मांसाचे भांडार. तर्क पटण्यासारखा आहे, पण तो तर्कच आहे.

फाल्कनर यांना तर याहून मोठा मोह झाला होता. पृथ्वी पेलणारे कासव, हत्ती आणि कासवाचे युद्ध, त्या दोघांना उचलून नेणारा गरुड, या भारतीय कथा त्यांच्या परिचयाच्या होत्या. हे कासव माणसाने डोळ्यांनी पाहिले असेल आणि त्याचीच आठवण पुराणांत उतरली असेल, अशी शक्यता त्यांनी मांडली. कल्पना रम्य आहे. मात्र भारतातील या कासवाचे पुरावे शिवालिकच्या ज्या थरांतून येतात ते दहा लाख वर्षांहून जुने आहेत, आणि कथा सांगणारा माणूस तेव्हा जन्माला यायचा होता. हिमाचल प्रदेशातील सुकेती येथे १९७४ मध्ये उभारलेल्या जीवाश्म उद्यानात या कासवाची प्रतिकृती आहे. ती पाहिली की फाल्कनर यांना कूर्मावतार का आठवला, ते मात्र लगेच कळते.

वरळीचे कासव आणि इजिप्तचे नाव

नवी मुंबईकराला शिवालिक दूरचे वाटेल. पारसिकच्या डोंगरात किंवा खारघरच्या टेकड्यांत मेगॅलोकेलिस मिळण्याची शक्यता नाही. येथला काळा पाषाण सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, आणि तप्त लाव्हात प्राणी टिकत नाही. पण लाव्हाचे दोन लोंढे वाहण्याच्या मधल्या शांत काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला, आणि त्या गाळात बेडूक, कासवे, झाडे पुरली गेली. मुंबईतील असे थर एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्ध आहेत. वरळीच्या चिमुकल्या बेडकाचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्येच केले होते.

वरळीच्या त्याच थरांतून डॉ. लेथ यांना एका लहान कासवाचे जीवाश्म मिळाले. मुंबईत शल्यचिकित्सक असलेले हेन्री कार्टर यांनी १८५२ मध्ये मुंबई बेटाच्या भूरचनेवरील आपल्या लेखात त्याला नाव दिले ‘टेस्टुडो लेथी’. पुन्हा तीच पिशवी. १८७१ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉन ग्रे यांनी ते दक्षिण अमेरिकेतल्या ‘हायड्रास्पिस’ वंशात नेले, म्हणजे आडमानी कासवांत. ही कासवे मान सरळ आत ओढत नाहीत, बाजूला वळवून कवचाच्या कडेखाली ठेवतात. त्यांची कटीची हाडे कवचाशी जखडलेली असतात. १९५३ मध्ये हार्वर्डचे अर्नेस्ट विल्यम्स यांनी, म्हणजे पुढे टेस्टुडोची पिशवी उपसणाऱ्या त्याच विल्यम्स यांनी, दाखवले की ते आडमानीच आहे, पण दक्षिण अमेरिकी कुलातले नव्हे, तर आज आफ्रिकेत आढळणाऱ्या गटाच्या नात्यातले. कार्टर यांच्या स्मरणार्थ त्याचा वंश झाला ‘कार्टरेमिस’.

आज भारतात आडमानी कासव एकही उरलेले नाही. म्हणजे वरळीच्या त्या तुकड्यांची ओळख बदलली तेव्हा एका कासवाचे नुसते लेबल बदलले नाही. आफ्रिका, मादागास्कर आणि भारत यांच्या जुन्या शेजाराचा एक साक्षीदार मुंबईत सापडला. २००३ मध्ये यूजीन गॅफ्नी, अशोक सहानी आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्याच अंबोली येथील थरांतून आडमानी कासवाची आणखी एक जाती प्रसिद्ध केली, ‘संकुचेमिस सेठनाई’.

वरळीच्या कासवाने जाता जाता एक गंमतही केली. १८६९ मध्ये आल्बर्ट ग्युंथर यांनी आज इजिप्शियन कासव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिवंत जातीला ‘टेस्टुडो लेथी’ हेच नाव दिले होते. पण कार्टर यांनी तेच नाव सतरा वर्षे आधी वापरलेले. वरळीचे जीवाश्म पुढे टेस्टुडोमधून बाहेर पडले तरी नाव एकदा वापरले गेले ते गेलेच. म्हणून इजिप्तचे कासव आज लॉर्ते यांनी १८८३ मध्ये दिलेल्या ‘टेस्टुडो क्लाइनमानी’ या नावाने ओळखले जाते.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथील कासवाची कथाही अशीच. सोहन लाल जैन यांनी १९७७ मध्ये त्याला वरळीच्या कासवाचे भावंड मानून कार्टरेमिसमध्ये ठेवले, १९८६ मध्ये म्यानमारमधल्या ‘श्वेबोएमिस’ वंशात हलवले. २०२० मध्ये वॉल्टर जॉइस आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी सगळे नमुने पुन्हा तपासून त्याला स्वतंत्र वंश दिला. त्याचे नाव जैन यांच्यावरूनच : ‘जैनेमिस पिसदुरेन्सिस’. त्रेचाळीस वर्षांनी हे शक्य झाले, कारण नमुने जपून ठेवलेले होते आणि ते कोठून आले याची नोंद होती.

याची उलट बाजू शिवालिकमध्ये दिसते. फाल्कनर-कॉटली यांच्या अनेक नमुन्यांसोबत ते नेमक्या कोणत्या थरातून काढले याची नोंद नव्हती. शिवालिकच्या थरांचा क्रम पिलग्रिम यांनी पुढे १९१३ मध्ये लावला. तोवर आधीची हाडे कपाटांत जाऊन बसली होती. हाडावरून जाती कळते, काळ कळतो तो थरावरून. थर हरवला की सर्वांत मोठे कासवही कधी जगले हे सांगू शकत नाही.

मुंबई महानगरात थर उघडे पडतात ते प्रामुख्याने खाणी, रस्त्यांची कापणी आणि इमारतींचे पाये खोदताना, आणि ते थोड्याच दिवसांत काँक्रीटखाली जातात. वरळीच्या टेकडीवर आज दाट वस्ती आहे. अशा स्थळांच्या व अवशेषांच्या जतनासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती मागवल्या होत्या. खोदकामात दोन काळ्या पाषाणांच्या मध्ये राखाडी किंवा तपकिरी, पापुद्र्यांचा गाळाचा थर दिसला आणि त्यात हाडासारखे काही आढळले, तर ते ओढून काढू नये. शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. त्यात वरचा व खालचा खडक दिसेल असे पाहावे. जागा आणि खोली लिहून ठेवावी, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पुणे किंवा नागपूर कार्यालयाला अथवा जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाला कळवावे. तुकडा फुटलेला असला तरी तो जोडता येतो; दोन जाळ्यांच्या रेषा त्यावर शाबूत असल्या म्हणजे झाले.